मठाच्या बागेतला चौथा दगड

गावाचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही गाडी काढून बघायला जाल, आणि त्या लोकांनी पुण्याची माणसं पुरेशी सोसली आहेत. बुलढाणा जिल्ह्यात, साखरखेर्ड्याच्या बाजारापुढे एक फाटा फुटतो. सोयाबीनच्या शेतांमधून अर्धा तास हाडं खिळखिळी करून घेतली की एका मठाचं शिखर दिसतं. एवढा पत्ता पुरे.

तिथे मी एक चित्र बघायला गेले होते. एकटी नाही, अकरा जणांच्या ‘चित्रास्वाद सहली’बरोबर. ही सहल आमचे सर काढतात. सर म्हणजे निवृत्त लोकांना दर रविवारी सकाळी चित्र कसं बघावं ते शिकवणारे गृहस्थ. सरांना चित्रात जे दिसतं ते काढणाऱ्यालाही कधी दिसलेलं नसतं, आणि याचा सरांना फार अभिमान आहे. आमच्यातल्या पोंक्ष्यांच्या भाच्याने कामानिमित्त फिरताना या मठात टांगलेल्या चित्राचा फोटो मोबाइलवर पाठवला. सरांनी तो बघितला, डोळे मिटले आणि आठ पानांचं टिपण लिहिलं. मूळ चित्र बघायच्या आधीच. टिपणाचं नाव ‘रिक्त उद्यान : एक अंतर्यात्रा’.

मग तू कशाला गेलीस, असं तुम्ही विचाराल. मी एकतीस वर्षं मुलींच्या कॉलेजात चित्रकला शिकवली. सर चुकताना जवळून बघावेत, यासाठी मी गेले. आता हे लपवण्यात अर्थ नाही.

सिंदखेडराजा

पुण्यापासून इथपर्यंतच्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सर माइकवरून बोलत होते आणि लोक झोपले होते.

सिंदखेडराजाला राजवाड्याचा दरवाजा बघून झाला आणि आम्ही रस्त्यालगतच्या एका खानावळीत जेवलो. पिठलं, ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा आणि वाटीभर ठेचा. पुण्यात आम्ही ठेचा लोणच्यासारखा ताटाच्या कडेला लावून घेतो आणि जेवण झाल्यावर तो तसाच उरतो. इथे तो भाजीसारखा वाढतात. सरांनी तो पुदिन्याची चटणी समजून भाकरीच्या पहिल्याच घासाला भरपूर घेतला. पुढची दहा मिनिटं सरांना बोलता येईना. सबंध सहलीतली ती सर्वांत सुखाची दहा मिनिटं होती.

“गूळ खा साहेब, पाणी नका पिऊ,” खानावळवाली म्हणाली. “पुण्याचे काय? मंग बराबर हाय.”

काय बराबर आहे ते तिने सांगितलं नाही. मी तेव्हा हसले होते.

मठ

बागेचं चित्र बघायला आलेल्या आम्हाला मठात बागच दिसली नाही. फाटकापासून सभामंडपापर्यंत लाल-करडे पेव्हिंग ब्लॉक, एका बाजूला गाड्या उभ्या करायची जागा आणि प्लॅस्टिकच्या कुंड्यांत प्लॅस्टिकची फुलं. आमच्या सोसायटीनेही गेल्या वर्षी आंबा तोडून पार्किंगला हेच ब्लॉक घातले, त्यामुळे मला नाक मुरडायचा अधिकार नव्हता. तरी मुरडलं.

मठाचे अध्यक्ष नानाभाऊ आम्हाला घ्यायला फाटकापर्यंत आले होते. पन्नाशी ओलांडलेले, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं आर्जवी.

“बाग कुठे आहे?” पोंक्ष्यांनी विचारलं.

नानाभाऊंनी पायाखाली बोट दाखवलं. “ह्याच्याखाली जी. लय चिखल व्हये. आता पाहा, कसं चकाचक झालं.”

चित्र सभामंडपात होतं. दोन्ही बाजूंना देवादिकांच्या चकचकीत तसबिरी आणि मधे हे. जलरंगातलं, दोन विती रुंद. मठाची जुनी दगडी भिंत, अर्धवट उघडं लाकडी फाटक, विहिरीजवळ पालथी पडलेली बादली. डावीकडे प्राजक्ताचं झाड. झाडाखाली एक पांढरं कापड अंथरलेलं, त्यावर अवेळी गळलेली दोन-चार फुलं. कापडाच्या तीन कोपऱ्यांवर तीन दगड. चौथा कोपरा दुमडलेला आणि चौथा दगड हातभर लांब गेलेला. माणूस एकही नाही. खाली कोपऱ्यात सही होती. गावच्या शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर, वारून बारा वर्षं झाली, जाण्याआधी चित्र मठाला देऊन गेले, असं नानाभाऊंनी सांगितलं.

चित्र चांगलं होतं. फार चांगलं होतं. त्या पांढऱ्या कापडावरचा संध्याकाळचा निळसर उजेड मला उभ्या आयुष्यात जमलेला नाही. खेड्यातल्या मास्तराने तो सहज उतरवला होता याचा मला हेवा वाटला, आणि हेवा वाटला की मी फार विद्वान होते.

सांजेच्या आरतीला गाव जमलं होतं. शाल-श्रीफळ झालं. इथली एक रीत आहे, पाहुण्याच्या हातात माइक दिल्याशिवाय पाहुणचार पुरा होत नाही. आमच्याकडे कोणी बोलू नये म्हणून लोक माइक लपवतात. आणि इथला माइक मंडपापुरता नव्हता, त्याची तार शिखरावरच्या भोंग्यापर्यंत गेली होती. पार शेतातल्या माणसालाही आरती ऐकू यावी म्हणून केलेली ती सोय होती.

सर बोलले. अर्धं उघडं फाटक म्हणजे मुक्तीचं दार. पालथी बादली म्हणजे अहंकार रिता करणं. तीन दगड म्हणजे जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती. आणि बाजूला गेलेला चौथा दगड? सरांनी हात वर नेला आणि तो तिथेच ठेवला. “तुर्यावस्था!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका आजोबांनी शेजाऱ्याला विचारलं, “काय म्हणे?” शेजारी म्हणाला, “चांगलंच म्हणे.”

मला ते सहन होईना. मग नानाभाऊंनी माझ्याही हातात माइक दिला.

मी काय बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतं. “सरांनी तुम्हाला मोक्ष दाखवला. मला या चित्रात मोक्ष दिसत नाही, मृत्यू दिसतो. फाटक उघडं आहे कारण कोणीतरी कायमचं बाहेर गेलंय. बादली पालथी आहे कारण झाडांना पाणी घालणारा उरला नाही. आणि ते पांढरं कापड नीट बघा. ते कफन आहे. कोपरा दुमडलाय, कारण आतला देह नुकताच उचलून नेलाय. या चित्रकाराने तुमच्या मठात एक मरण टांगून ठेवलंय आणि तुम्ही रोज त्याच्यासमोर आरती करता.”

टाळी एकही पडली नाही. ही शांतता म्हणजे दाद आहे असं मी समजले. सरांचा चेहरा उतरलेला बघून मला इतकं बरं वाटलं, की प्रसादाला मी तीन रोडगे आणि दोनदा वांग्याची भाजी खाल्ली. रोडगे गोवऱ्यांवर भाजतात. आत कणीक, वर तूप, आणि पोटात गेल्यावर जागचं उठवत नाही. त्यामुळे माणसं आपल्याकडे का बघतायत याचा विचार करण्याइतकी मी शुद्धीवर नव्हते.

दुसरा दिवस, सकाळ

मुक्काम दोन रात्री मठाच्याच खोल्यांत होता. आमची मंडळी लोणारचं सरोवर बघायला निघाली. मी चष्मा सभामंडपात विसरले होते, तो आणायला गेले. बघते तर शिडीवर एक सुतार चढला होता आणि चित्राच्या खिळ्यावरची दोरी सोडत होता. खाली नानाभाऊ उभे होते.

“साफसफाई का?” मी विचारलं.

“नाही जी. काढून राह्यलो. तुमी सांगितलं ते बरं केलं. आमाले काय समजते? रात्रीपासून लोकाईचे फोनवर फोन. चित्र लागलं त्याच साली बोअर आटली, पुजाऱ्याचा पाय मोडला, सारं निंगालं बाहेर. परवा घट बसतात. असं अशुभ देवाच्या घरात कसं ठेवाव?”

“मग ठेवणार कुठे?”

“ठेवत नसतात म्याडम. उद्या सर्वपित्री अमावस्या हाय. तळ्यात शिरवून देतो.”

देवाघरातल्या जुन्या, भंगलेल्या तसबिरी कचऱ्यात टाकत नाहीत. हळदकुंकू लावून पाण्यात सोडतात. तीच रीत मास्तरांच्या चित्राला लावायची ठरली होती. मी म्हटलं, “अहो, हे पाण्याच्या रंगातलं चित्र आहे. पाण्यात घातलंत तर कोरा कागद वर येईल!”

“मंग तं बरंच,” नानाभाऊ म्हणाले.

माझा अंदाज होता हो तो, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. काल एवढ्या तोऱ्यात बोललेलं आज अंदाज होता म्हणून सांगायची मला लाज वाटली. त्या लाजेपायी मी सुताराच्या मागून चालू लागले, जणू मला सुतारकामात रस होता. लोणारची गाडी गेली ती गेलीच.

रशीदभाईंचं दुकान

सुताराचं नाव रशीदभाई. साठीचे, कानावर पेन्सिल. त्यांना अध्यक्षांचा हुकूम होता, चौकट आणि काच वेगळी काढा, चौकट देवीच्या फोटोला वापरू. चित्र त्यांनी भिंतीला पाठ लावून नीट उभं केलं आणि माझ्यासाठी स्टुलावरचा भुसा झटकला.

“म्याडम, बुरा मानू नका,” ते म्हणाले, “पन याले कफन कोन बोललं?”

“मी.”

“हाव, मालूम हाय, भोंग्यावर आयकलं. म्हनूनच इचारून राह्यलो. तुमी कधी कफन पाह्यलं काय? आमी लय पाह्यले. वार्‍यानं उडू नये म्हनून कफनच्या कोपऱ्याले दगड कोनी ठेवते काय? आन् कफन झाडाखाली अंथरून, वर फुलं पडाची वाट पाहत बसते काय कोनी?”

मी चित्राकडे बघितलं. एकतीस वर्षं मी मुलींना शिकवलं, आधी काय आहे ते बघा, मग त्याचा अर्थ लावा. तीन दगड कापड दाबून होते, जसे आमच्या गच्चीवर पापडाच्या चादरीला असतात. इतकी साधी गोष्ट. मला ती दिसली नव्हती, कारण मला सरांना हरवायचं होतं.

“मग हे काय आहे?”

“मास्तरीनबाईले पुसा. तिचंच धोतर हाय ते. म्हंजे मास्तराचं, पन अंथरे ती.” त्यांनी पेचकस उचलला, चौकटीच्या एका स्क्रूला लावला आणि पुन्हा खाली ठेवला. “हे चौकट खोलाले मले उद्या सकाळपर्यंत टाइम लागते. पुरानी हाय. समजलं ना?”

चार स्क्रू होते. मला समजलं.

मास्तरीणबाई

मास्तरांच्या पत्नी यमुनाबाई. गावात त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणतात. पंचाहत्तरीच्या, कृश, ताठ. ओसरीवर सुपात उडीद निवडत बसल्या होत्या. अंगणात प्राजक्ताचं झाड होतं, माझ्या दीडपट उंचीचं. मी नाव सांगायच्या आत त्या म्हणाल्या, “कालचा आवाज तुमचाच ना? बारीक हाय, पन लांब जाते.”

शेतापर्यंत पोचणारा भोंगा या घरापर्यंत पोचणारच होता. नवऱ्याने काढलेल्या चित्राला एक परकी बाई कफन म्हणते, हे त्यांनी आपल्या ओसरीवर बसून ऐकलं होतं. मी माफी मागितली. त्या उडीद निवडत राहिल्या.

मग मी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. मठाच्या झाडाचं फूल तोडायचं नाही, असा जुन्या महाराजांचा नेम होता. झाड देईल तेवढं घ्यायचं. आणि मातीला लागलेलं फूल देवाला घालायचं नाही. म्हणून रोज संध्याकाळी धुतलेलं धोतर झाडाखाली अंथरायचं, कोपऱ्यांना दगड ठेवायचे, आणि सकाळी चार कोपरे उचलून फुलं आत न्यायची. हे काम त्यांनी बावीस वर्षं केलं. पुढे जुने महाराज गेले, ब्लॉक आले, झाड तोडलं. त्याच्या बिया आणून त्यांनी हे अंगणातलं झाड वाढवलं. त्या दिवसापासून मठाची पायरी चढल्या नाहीत.

“हे लोकांना माहीत नाही?” मी विचारलं.

“माहीत नाही?” त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. “ज्याची शेंडी त्या बागेत वाढली त्या साऱ्याईले माहीत हाय. धोतरावर पाय देला म्हनून मी नान्याले शिमटीनं फोडून काढला व्हता. तुमचा तो अध्यक्ष.”

“मग तुम्ही येऊन सांगा ना. उद्या चित्र पाण्यात घालतायत.”

“मी काऊन सांगू? मी बोलली व्हती काय कफन?” त्यांनी सूप झटकलं. “झाड तोडलं तवा मी बोलली, तं कोनी आयकलं नाही. तुमी पुन्याहून येऊन एक डाव बोलल्या, तं रातोरात चित्र उतरलं. तुमचं वजन लय हाय, तुमीच सांगा.”

“ते मी घेऊन जाऊ का? पुण्याला, जपून ठेवीन.”

“मास्तरानं मठाले देलं ते. देलेलं मी मांगत नाही, आन् तुमी बी नेत नाही.”

पुन्हा माइक

नानाभाऊंनी माझं सगळं ऐकून घेतलं, चहा दिला, आणि मग बोलले.

“म्हंजे काल कफन व्हतं, आज धोतर झालं.”

“काल मी अंदाज केला होता.”

“अंदाज?” ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. “म्याडम, अंदाजच कराचा व्हता तं तुमच्या हातात माइक कायले देला असता? आमच्या गावात अंदाज करनारे काय कमी हायेत?”

मी म्हटलं, संध्याकाळी मला पुन्हा माइक द्या. त्यांनी दिला. या गावात माइक कोणी नाकारत नाही.

त्या संध्याकाळी मी भोंग्यावरून सांगितलं, की काल मी जे बोलले ते मला माहीत नसताना बोलले. आमच्या सरांच्यापेक्षा मी हुशार आहे हे दाखवायला बोलले. चित्रात मरण नाही. ते धोतर आहे, फुलं झेलायला अंथरलेलं. लोणारहून परतलेले सर पहिल्या रांगेत बसून टिपणं घेत होते. त्यांना आता नववं पान मिळालं होतं.

आणि कोणाला पटलं? कोणालाही नाही. काल एका वाक्यात सगळं गाव बाटलं होतं, आज पंधरा मिनिटं बोलून एक माणूस शुद्ध होईना. प्रसादाच्या पंगतीत माझ्या मागे कुजबुज चालली होती, म्याडमले मास्तरीनबाईनं रडून दाखवलं, म्हनून बोलल्या. एका शिक्षकाने मला समजावलं, “तुमी मोठ्या मनाच्या हात. पन पहिलं जे निंगते ना तोंडातून, तेच खरं असते.” मला त्याच्या डोक्यात वांग्याची भाजी ओतावीशी वाटली. पण या माणसांना भोंग्याचा आवाज स्वतःच्या आठवणीपेक्षा खरा वाटतो, याला जेवढे ते जबाबदार, तेवढीच मीही होते. आमच्यासारखे लोकच त्यांना वर्षानुवर्षं सांगत आले, की बघायचं तुम्ही आणि अर्थ सांगायचा आम्ही.

अमावस्या

सकाळी चित्र चौकटीतून निघून मंडपात आलं होतं. लाल फडक्यावर मोठ्या ताटात ठेवलं होतं, शेजारी हळदकुंकवाची वाटी. रशीदभाई पायरीशी उभे होते. “आनखी कितीक टाइम लावू?” ते मला हळू म्हणाले. तळ्यावर जायला दहा-बारा माणसं जमली होती. नानाभाऊंनी ताटाला हात लावला, आणि मी आडवी उभी राहिले. काय करणार होते ते मला माहीत नाही. बासष्टाव्या वर्षी ताट हिसकावून पळाले असते तर फाटकापर्यंतही पोचले नसते.

तेवढ्यात यमुनाबाई आल्या. कालचा माझा भोंगाही त्यांच्या ओसरीपर्यंत पोचला असणार. पांढऱ्या धोतराचं गाठोडं पोटाशी धरलेलं, ओच्यात काहीतरी जड. पायरीशी थांबल्या. मग चढल्या. कोणाकडे न बघता मंडपाच्या मधोमध संगमरवरावर त्यांनी धोतर सोडलं आणि पसरलं. ओंजळी-ओंजळीने उचलावा असा प्राजक्ताचा ढीग मधे होता, अजून ओला. ओच्यातून चार दगड काढले आणि चार कोपऱ्यांवर ठेवले. मंडपात वारा नव्हता. तरी ठेवले.

“नान्या,” त्या म्हणाल्या, “दे पाय.”

नानाभाऊ धोतराकडे बघत राहिले. खिशाला दोन पेनं लावलेला तो माणूस माझ्या डोळ्यांदेखत दहा वर्षांचा झाला. त्यांचा हात नकळत पोटरीवर गेला, जिथे शिमटीचा वळ उठला असणार.

“मास्तरीनबाई,” ते म्हणाले, “मले इसर पडला व्हता.”

“इसर नाही पडला. कोनी मोठं बोललं का तुमी आपलं सोडून देता. झाड तोडाच्या वक्ताले इंजिनेर बोलला व्हता.”

मग मागून नानाभाऊंच्याच वयाचा एकजण म्हणाला, “मी बी खाल्ला व्हता मार.” दुसरा म्हणाला, आम्ही दगड पळवत होतो. एक बाई म्हणाली, माझी माय इथूनच फुलं नेत होती. पाच मिनिटांत प्रत्येकाला सगळं आठवलं. काल संध्याकाळी मी हेच पंधरा मिनिटं सांगत होते, आणि तेव्हा यांच्यातल्या एकालाही काही आठवलं नव्हतं. मला राग आला, आणि रागाबरोबर रडूही आलं, ते मी चष्मा पुसण्यात घालवलं.

रशीदभाईंनी चौकट आणलीच होती, सायकलला बांधून. चार स्क्रू त्यांनी चार मिनिटांत बसवले. चित्र खिळ्यावर गेलं. फुलं देवापुढे गेली.

सर पुढे झाले. त्यांना राहवेना. “आजी, तुम्हीच सांगू शकाल. या चित्राचा भाव नेमका कोणता? वैराग्य? प्रतीक्षा?”

यमुनाबाई चित्राजवळ गेल्या. इतक्या वर्षांत त्या ते पहिल्यांदाच बघत होत्या. पदराने त्यांनी काच पुसली, जिथे धोतराचा कोपरा दुमडला होता तिथे.

“भाव कायचा? भांडन हाय हे,” त्या म्हणाल्या. “मास्तर मले म्हने, धोतराजवळ बस, तुले काढतो. तासभर बसवून ठेवलं. मंग म्हटलं, मले सैपाक हाय, तुमचं काय, बसा रंगवत. झाडाले पानी घालाचं तसंच सोडलं, बादली आपटली, फाटक लोटलं आन् गेली. उठताना पाय लागून तो दगड उडाला.”

“मग चित्रात तुम्हाला काढलंच नाही?” मी विचारलं.

“दोन दिवस बोलले नाही माह्याशी. तिसऱ्या दिवशी म्हने, तू बसत नाहीस तं नको बसू. तू लाथाडलेला दगड तरी राहू दे चित्रात.”